किगालीला यावं का? रवांडाबद्दल विचारलेल्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टरांना किगालीत जॉब मिळतोय, पोरं लहान आहेत, एवढी कत्तल झालेल्या देशात नाशिकच्या गंगापूर रोडचं घर सोडून जावं का. मी सिडकोची, आता इथेच संसार आहे म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

या, नक्की या. रात्री बायका एकट्या बिनधास्त येतात-जातात. पण इथली शांतता कशी उभी राहिलीय ते समजून या. 1994 ला 100 दिवसांत 8 लाखांवर माणसं मारली, बहुतेक तुत्सी, म्हणजे इथल्या अल्पसंख्य समाजाची, आणि मारणारे बहुसंख्य हुतू, कित्येकदा शेजारीच, ओळखीचे. नाकाबंदीवर ओळखपत्र बघायचे, बेल्जियन राजवटीच्या काळापासून त्यावर हुतू का तुत्सी ते लिहिलेलं असायचं. आता ते काढून टाकलंय. त्यामुळे आपली ती सवय, ओळख झाली रे झाली की आडनाव काय, मूळ गाव कुठलं, तुम्ही कोणत्यातले, ती नाशिकलाच ठेवून या, कामवालीला नाही, ड्रायव्हरला नाही, कोणालाच विचारायचं नाही.

ताण आहेच हो, फक्त दिसत नाही. कत्तलीच्या खटल्यांसाठी गावागावात गचाचा, म्हणजे गावकऱ्यांचीच पंचायतीसारखी कोर्टं बसली, 2012 पर्यंत जवळपास 20 लाख केसेस चालवल्या, आणि आता लांब शिक्षा भोगलेले सुटून परत त्याच गावात येतायत जिथे त्यांनी मारलेल्यांच्या बायका राहतात, त्या बाईने रोज त्याचं तोंड बघायचं, मला हे फार जड वाटतं. दुसरं म्हणजे भाषा. 2008 ला शाळेत फ्रेंच काढून इंग्लिश आणलं, युगांडातून परतलेल्या निर्वासितांना सोपं गेलं, फ्रेंचमध्ये शिकलेले शिक्षक मागे पडले. सरकारवर चारचौघात कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, वंशसंहाराबद्दलचे कायदे कडक आहेत. शांततेची ही किंमत मला पटत नाही, पण ज्यांनी ते दिवस काढले त्यांना गप्प राहणं का बरं वाटतं ते कळतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी उमुगांडा असतो, सगळे मिळून रस्ते, गटारं साफ करतात, मिस्टरांना फावडं घेऊन जाऊ द्या, शेजाऱ्यांशी ओळख तिथेच होते. 7 एप्रिलपासून शोकाचा आठवडा, त्यात बर्थडे पार्टी, गाणी काही नको. किगालीतलं गिसोझीचं वंशसंहाराचं स्मारक बघा, अडीच लाख लोक पुरलेत तिथे, पण लहान पोरांना नेऊ नका. शाळा सप्टेंबरला सुरू होतात, ऑगस्टमध्ये आलात तर ॲडमिशनला सोपं जाईल, आणि प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका, बंदी आहे.