दोन पिंपांचा एक टन

प्रश्न असा आहे: ‘२०२४-२५मध्ये देशातल्या प्रमुख बंदरांनी ८५५ दशलक्ष टन मालाची वाहतूक केली’, या वाक्यातला टन आणि जहाजाच्या ‘टनेज’मधला टन एकच का?

नाही. पण आधी ते वाक्यच दुरुस्त करा. वाहतूक जहाज करतं. बंदर जागचं हलत नाही. बंदरात होते ती मालाची चढउतार. दर वर्षी मार्च सरला की हे वाक्य छापून येतं आणि दर वर्षी डोकं तडकतं. ‘प्रमुख’ म्हणजे सगळ्यांत मोठं, हाही गैरसमज. तो केंद्राने दिलेला कायदेशीर दर्जा आहे. गुजरातमधलं मुंद्रा बंदर यांतल्या कुठल्याही बंदरापेक्षा जास्त माल हाताळतं, तरी ते ‘प्रमुख’ नाही.

आता टन. हा शब्द मुळात वाइनच्या भल्यामोठ्या पिंपाचा. बोर्दोहून इंग्लंडला वाइन जाई, तेव्हा पोटात अशी किती पिंपं मावतात यावरून जहाजाचा आकार सांगत. २५२ गॅलनचं ते पिंप भरलं की वजन आजच्या टनाच्या आसपास जाई. तेच नाव वजनाला चिकटलं. बंदराच्या आकड्यातला टन हा वजनाचा; जहाजाचं ग्रॉस टनेज मात्र आजही आतल्या जागेवरूनच काढतात.

खरी मौज पुढे आहे. त्या टनाच्या निम्मं माप म्हणजे ‘पाइप’, पोर्तुगीजांचं ‘पिपा’, आणि तेच आपलं पीप, पिंप! काही कोशप्रेमी पिंप इंग्रजी ‘पाइप’वरून आणतात. साफ चूक. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१०मध्ये, इंग्रजांचं जहाज सुरतेला लागलं १६०८मध्ये. शिवाय इंग्रजांचा ‘पाइप’ आपल्याकडे नळी होऊन वेगळा नांदतोच आहे.

माझं तर ठाम मत आहे की कंटेनरच्या रूपाने पिंपमोजणी परत आली. टीईयू म्हणजे वीस फुटी पेटी. आत कापूस असो की लोखंड, मोजायची ती जागा. म्हणून वजनात पारादीप आणि कांडला पुढे, कारण तिथे कोळसा, खनिज, कच्चं तेल. दोघांनीही २०२४-२५मध्ये १५० दशलक्ष टन ओलांडले. पेट्या मोजल्या की त्याच वर्षी प्रमुख बंदरांत पहिलं न्हावा-शेवा, सुमारे ७३ लाख टीईयू. २०१४-१५मधले ५८१ दशलक्ष टन दहा वर्षांत ८५५ झाले, यावरून न्हावा-शेव्याची वाढ कळत नाही. तिथली बातमी देताना पेट्यांचाच आकडा मथळ्यात घ्या.