‘मला काम करता येत नाही’ हे कुठे लिहायचं

बाळा,

आशीर्वाद. तुझ्या आईने काल दुकानात तुझा अर्ज आणून दिला. झेरॉक्स काढायला आणला होता, पण मला वाचायची खोड. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज मशीनवर पालथे घातल्यावर माणूस वाचायचं थांबत नाही. तुझं अक्षर सुरेख आहे. पण पहिलंच वाक्य आहे, ‘अपघातामुळे मला काम करता येत नाही, तरी मला पेन्शन मिळावी.’ हाच कागद तू तहसीलला देणार, हाच इएसआयला (म्हणजे पगारातून कापून जाणाऱ्या कामगार विम्याला), हाच पीएफला, आणि हाच दवाखान्यात अपंगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे ठेवणार, असं आई म्हणाली. म्हणून झेरॉक्स न काढता हे पत्र लिहितोय. रागावू नकोस.

तुझं वाक्य खरं आहे. पण आपल्याकडे ‘काम करता येत नाही’ एवढ्यावर पैसे देणारं एकच एक खातं नाही. वेगवेगळी टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबल वेगळा प्रश्न विचारतं. दवाखान्याचं बोर्ड विचारतं, शरीराचं किती टक्के नुकसान झालं. इएसआय विचारतं, हे नोकरीमुळे झालं का, आणि त्याने तुझी कमावण्याची ताकद किती गेली. पीएफवाले विचारतात, नोकरीत असताना तू कायमचा आणि पूर्ण निकामी झालास का. तहसीलदार विचारतात, घरात पैसे किती येतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलंस की कारकून मान हलवतो, ‘बघतो’ म्हणतो, आणि तुझी घणसोली ते ठाणे फेरी वाया जाते. चाकाच्या खुर्चीवरून ती फेरी म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

आधी इएसआय. सगळे आधी तहसीलमधल्या संजय गांधी योजनेकडे धावतात, कारण नाव ऐकलेलं असतं. तू हिशेब कर. तुझा पगार आईने पंधरा हजारांच्या आसपास सांगितला, म्हणजे दिवसाला पाचशे धर. नोकरीतल्या अपघाताने कमावण्याची ताकद पूर्ण गेली असं इएसआयच्या वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर त्या रोजच्या सरासरीच्या ९० टक्के, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या घरात, आणि तेही आयुष्यभर. निम्मी गेली म्हटलं तर निम्मे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळतात महिन्याला अडीच हजार. तेही २०२५च्या ऑक्टोबरपासून, त्याआधी दीड हजारच होते. मग सगळा जोर आधी कुठे लावायचा, तूच सांग.

तुझी अडचण मला कळते. तू म्हणशील, अपघात कंपनीत कुठे झाला, रस्त्यावर झाला. अरे, घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही इएसआय नोकरीतला अपघात धरतं. कायद्यात ही तरतूद २०१० साली आली. फक्त वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. तुझी शिफ्ट दुपारी दोनची, टेम्पोने उडवलं ते सव्वाला, आणि जागा घणसोली ते महापे या रस्त्यावरची. संबंध याहून सरळ काय असणार? पण तो कागदावर यायला हवा. एफआयआरमध्ये वेळ आहे का बघ. त्या दिवसाचा हजेरीचा मस्टर, शिफ्टचा चार्ट, गेटपास, पगाराची स्लिप, इएसआयचा दहा आकडी नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या रात्रीचा केसपेपर. डिस्चार्ज कार्ड नव्हे, कॅज्युअल्टीत डॉक्टरने घाईघाईत खरडलेला तो पहिला कागद. त्यावर ‘कामावर जाताना’ असं आहे, की नुसतंच ‘बाईकवरून पडला’?

या कागदाचं एवढं वेड मला का, ते सांगतो. १९९७ साली वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी खाटेवर असताना सुपरवायझर सफरचंदं घेऊन आला आणि ‘औषधाच्या बिलासाठी’ म्हणून दोन कोऱ्या कागदांवर डाव्या हाताने माझ्या सह्या घेऊन गेला. पुढे कळलं, त्यातल्या एका कागदाचा राजीनामा झाला होता, आणि तारीख होती अपघाताच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मी कामगार नव्हतोच, फुकटचा आत घुसून प्रेसमध्ये हात घालायला गेलो होतो! दीड वर्ष गेलं त्यात. सोडवलं कुणी, तर सरकारी दवाखान्यातल्या एका शिकाऊ डॉक्टरने. त्याने केसपेपरवर वेळ घातली होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘कंपनीत मशीनवर काम करताना’. त्या पोराचं नावही मला माहीत नाही. कागद अजून जपून ठेवलाय, लॅमिनेट करून. (तू तुझे मूळ कागद लॅमिनेट करू नकोस. शिक्के तपासता येत नाहीत म्हणून काही टेबलांवर परत करतात.)

म्हणून ऐक. तुला कामावर ठेवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस येईल, गोड बोलेल, ‘हिशेब क्लिअर करून टाकू’ म्हणेल. कोऱ्या कागदावर सही नाही. राजीनाम्यावर सही नाही. ‘आईला विचारून सांगतो’ म्हण. आई त्याला बघून घेईल, मला तिच्यावर भरवसा आहे. त्यांनी अपघाताचा अहवाल पाठवलाच नाही, तर तू स्वतः इएसआयच्या शाखा कार्यालयाला लेखी कळव, पोच घे, आणि पोचेवर तारखेचा शिक्का आहे का ते तिथेच बघ. मंडळ बसेपर्यंतचा जो तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता असतो तोही पगाराच्या ९० टक्के असतो. तो चार महिन्यांचा तुला मिळालाच नाही असं दिसतंय. तो माग. औषधपाण्याचंही विचारून ठेव. नोकरीतल्या अपघातामुळे कायमचं काम सुटलं तर वर्षाला १२० रुपये भरून इएसआयचे उपचार पुढे चालू राहतात.

राजीनाम्यावर एवढा अडून बसतोय त्याला दुसरंही कारण आहे, पीएफ. तुझ्या पगारातून कापलेल्या पैशाबरोबर मालकाचा जो वाटा जातो, त्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात पडतो. लोकांना वाटतं दहा वर्षं भरल्याशिवाय त्यातून काही मिळत नाही. म्हातारपणाच्या पेन्शनपुरतं ते खरं. पण नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. अपघात कंपनीत व्हायला हवा असंही इथे नाही. रक्कम मोठी नसते, कमीत कमी हजार रुपये महिना. पण वस्तीत कुणीतरी मोबाइलवर ‘१०सी भर, पेन्शनचे पैसे पंधरा दिवसांत खात्यात’ असं सांगेल. तो पेन्शनचे पैसे एकदाच काढून घ्यायचा फॉर्म, तो भरलास की पंधरावीस हजार हातात येतील आणि दार बंद होईल. तुझा फॉर्म १०डी, महिन्याची पेन्शन मागायचा. पीएफचे साधे पैसे हवे असतील तर आजारपणाची आगाऊ रक्कम काढता येते, त्याने पेन्शनला धक्का लागत नाही.

आता दवाखान्याचं बोर्ड. दिव्यांगांसाठीचा सरकारी लाभ घ्यायचा तर यूडीआयडी, म्हणजे टक्के लिहिलेलं दिव्यांगाचं ओळखपत्र, लागणार, आणि २०२१च्या जूनपासून त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवरूनच होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, रिपोर्ट जोडायचे आणि रुग्णालय निवडायचं. ४० टक्क्यांच्या खाली बहुतेक योजनांचं दार उघडत नाही. ४० ते ७९ला पिवळं कार्ड, ८० आणि वर निळं. केंद्राची जी दिव्यांग पेन्शन आहे ती ८० टक्क्यांवर आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांनाच.

टक्के डॉक्टर ठरवतात, पण डॉक्टरला काय दिसावं ते थोडं तुझ्या हातात आहे. मला इथे तुझी भीती वाटते, तुझ्या खोटेपणाची नव्हे, तुझ्या ताठ्याची. मागे घरी आलो तेव्हा मी ‘कसा आहेस’ विचारलं, तर ‘एकदम ओके, काका’. आई स्वयंपाकघरातून ‘सगळं स्वतःचं स्वतः करतो हो’. पाहुण्यासमोर हे शोभतं. बोर्डासमोर हे बोललात की डॉक्टर तेच लिहून घेईल, त्याच्याकडे तुझ्यासारखे साठ जण रांगेत असतात.

त्यापेक्षा आठवडाभर एक वही ठेव. सकाळी उठल्यापासून अंघोळ होईपर्यंत किती वेळ गेला. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, किती वेळा, कोण घालतं. शौचाला किती वेळ बसावं लागतं. सलग किती मिनिटं बसता येतं, मग पाठीत काय होतं. बेडसोर झाला होता तो भरला का. रात्री पाय आखडतात तेव्हा किती वेळा जाग येते. लाजू नकोस. मूत्राशयावरचा ताबा गेलाय हे तू तोंडाने सांगितलं नाहीस तर पँटवरून कुणाला कळणार? रडू नकोस, वाढवून सांगू नकोस, वाईट दिवशीचं वाईट म्हणून आणि बऱ्या दिवशीचं बरं म्हणून सांग. एमआरआय, ऑपरेशनचे कागद, फिजिओचं पत्र सोबत. कार्ड हातात आलं की पहिल्यांदा एक शब्द शोध, कायमस्वरूपी की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिही. टक्के फारच कमी पडले असं वाटलं तर अपील आहे, ९० दिवसांत.

तहसीलचं मुद्दाम शेवटी घेतलं. घणसोली नवी मुंबईत असली तरी तालुका ठाणे, म्हणून तुला ठाण्याला यावं लागतं. (तुझी खारघरची मावशी तुला पनवेलला जा म्हणते ते तिच्यासाठी बरोबर आहे, तिचा जिल्हाच रायगड.) संजय गांधीला वय ६५च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र, आणि घरचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत. दिव्यांग नसलेल्यांना तर २१ हजार. पन्नास हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. घणसोली गावठाणात एवढ्यात खोलीचं भाडंही निघत नाही. हा आकडा ठरवणाऱ्याने बाजारात शेवटची भाजी कधी घेतली असेल, मला उत्सुकता आहे. पण आकडा आहे तो आहे. आईच्या चार घरच्या कामांचे पैसे धरून जे येतं ते खरं सांगा. बसलं तर अर्ज करू. कार्यालयाबाहेर एकजण भेटेल, ‘दोन हजार द्या, उत्पन्न पन्नास हजारांच्या आत बसवून देतो’ म्हणेल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीचं स्वयंघोषणापत्र तुमच्या सहीचं असतं, त्याच्या नव्हे. आणि उद्या इएसआयचे महिन्याला पैसे सुरू झाले की तेही उत्पन्नच, हे आत्ताच ध्यानात ठेव. तेव्हा ही योजना सुटली तर सुटू दे, घाट्याचा सौदा नाही. मिळाली, तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. माणूस जिवंत असून कागदावर गेलेला, असे माझ्या दुकानात वर्षाला दोनतीन तरी येतात.

बारीकसारीक दोनतीन गोष्टी राहिल्या. आईचं आणि तुझं पासबुक काढून बघ, मे अखेरीला २० रुपये कापलेले आहेत का. कापले असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. दोन्ही पायांची ताकद कायमची गेली असेल तर दोन लाख रुपये, बँकेत लगेच विचार. टेम्पोवाल्याविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा तर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे तुझ्याकडे दोनच उरलेत. वकिलाला इएसआयचं सगळं सांग, लपवू नकोस. आणि महापालिकेला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात, तेव्हा वाशीच्या ईटीसी केंद्रात जाऊन या वर्षी कशाचे अर्ज सुरू आहेत ते आईला विचारून यायला सांग.

तुझ्या आधारवर वडिलांचं नाव ‘बाळू’ आहे आणि शाळेच्या दाखल्यावर ‘बाळकृष्ण’. हे आधी सरळ कर. बाकी सगळं याच्यावर अडेल.

गुरुवारी दुपारी ये. तेव्हा लोकल रिकामी असते आणि दुकानातही गर्दी नसते. तीन पायऱ्यांवर टाकायला फळी करून घेतली आहे, रस्त्यावरून हाक मार, पोराला पाठवतो. तू सलग चाळीस मिनिटं बसू शकतोस असं आई म्हणाली, तेवढ्यात इएसआयचं पत्र लिहून होईल. मागच्या बाकावर गादी घातली आहे, लागलं तर आडवा हो. मूळ कागद सगळे आण, पहिल्या रात्रीचा केसपेपर सगळ्यात वर. तो मिळत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात नक्कल मागायचा अर्ज आधी करू. दोन-दोन प्रती काढीन, एकीचेच पैसे घेईन.

तुझा,
झेरॉक्सवाले काका