घरगुती सीएनसी राउटरला ड्रोनची ब्रशलेस मोटर चालेल का?

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून घरी लाकूड व ॲल्युमिनियमच्या कामासाठी लहान सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कापणारे यंत्र) बांधला आहे. अक्षांवर नेमा 23 आकाराच्या स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) मोटरी आणि 5 मिमी पिचचे, म्हणजे एका फेऱ्यात 5 मिमी सरकवणारे बॉलस्क्रू आहेत. नियंत्रण आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरील जीआरबीएल या सॉफ्टवेअरचे आहे, सप्लाय 24 व्होल्टचा. वेग वाढवला की स्टेप (मोटरीची पावले) चुकतात आणि जॉब वाया जातो. ड्रोनच्या 900 केव्हीच्या ब्रशलेस मोटरी माझ्याकडे आहेत. त्यांना एन्कोडर (शाफ्टची स्थिती मोजणारा सेन्सर) लावून बसवल्या तर अडचण सुटेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : या मोटरींनी सुटणार नाही. एन्कोडरमुळे शाफ्ट कुठे आहे हे ड्राइव्हला (मोटर चालवणाऱ्या सर्किटला) कळते आणि तो फरक भरून काढू पाहतो. पण त्यासाठी लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मोटरीतच असावा लागतो. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिळणारा बिनभाराचा आरपीएम. त्यामुळे 24 व्होल्टवर आपली मोटर 21,600 आरपीएमकडे धावेल, तर 5 मीटर प्रतिमिनिट वेगाला आपल्या स्क्रूस 1000 आरपीएम पुरतो. केव्ही जितका जास्त, तितका दर अँपिअरमागचा टॉर्क कमी. 1 न्यूटन-मीटरसाठी या मोटरीला शंभराच्या आसपास अँपिअर लागतील. त्यात ती पंख्याच्या वाऱ्यावर थंड होण्यासाठी घडवलेली असल्याने जागच्या जागी भार धरून ठेवताना लवकर तापेल. द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या ड्रोनची 100 केव्हीच्या आसपासची मोटर त्या मानाने बरी, कारण तिथे हेच काम दहाएक अँपिअरमध्ये होते.

तशी मोटर मिळाली, तरी ड्रोनचा ईएससी (फक्त वेग सांभाळणारा कंट्रोलर) इथे उपयोगाचा नाही. एन्कोडर वाचून स्थिती राखणारा सर्व्हो ड्राइव्ह हवा. वेग झपाट्याने कमी होताना मोटर सप्लायकडे वीज परत ढकलते, साधा एसएमपीएस (नेहमीचा डीसी पॉवर सप्लाय) ती घेऊ शकत नाही आणि व्होल्टेज चढते, म्हणून ती वीज जिरवणारा ब्रेक रेझिस्टर लावावाच. उनोवरील जीआरबीएल सेकंदाला जास्तीत जास्त साधारण 30,000 पल्स (सरकण्याचे इशारे) देते. समजा एन्कोडर एका फेऱ्यात 8192 काउंट देतो आणि ते पल्सशी एकास एक जुळवले, तर सेकंदाला 1000 आरपीएमला सुमारे 1,36,500 पल्स लागतील. त्याऐवजी ड्राइव्हमध्ये फेऱ्यामागे 1000 पल्स ठेवल्यास एका पल्सला 0.005 मिमी सरक मिळते आणि राउटरला ती पुरेशी आहे. मात्र एन्कोडरची माहिती ड्राइव्हपाशीच थांबते, जीआरबीएलला तिचा पत्ता नसतो. त्यामुळे ड्राइव्हचा अलार्म मशीन थांबवणाऱ्या इनपुटला जोडला नाही, तर एक अक्ष अडकूनही बाकीचे कापत राहतात. शिवाय मोटरीच्या शाफ्टवरील एन्कोडरला स्क्रूच्या नटमधील बॅकलॅश (ढिलेपणा) दिसत नाही.

माझ्या मते आपला दोष बहुधा व्होल्टेजचा आहे. वेग वाढतो तसा वाइंडिंगमध्ये करंट चढायला वेळ कमी पडतो आणि स्टेपरचा टॉर्क घसरतो. ड्रायव्हरला झेपत असेल तर 48 व्होल्टचा सप्लाय देऊन आणि ॲक्सिलरेशन उतरवून आधी पाहावे. तेवढ्याने भागले नाही, तर क्लोज्ड लूप (एन्कोडर असलेले) स्टेपर घ्यावेत किंवा 400 वॉटचा तयार एसी सर्व्हो, ज्याचा 3000 आरपीएमचा रेटेड टॉर्क 1.27 न्यूटन-मीटर असतो. सातपूर-अंबडकडे जुन्या मशीनमधून निघालेला सर्व्हो मिळाला, तर मोटर, ड्राइव्ह आणि एन्कोडर केबल एकत्रच घ्यावी, कारण अनेक कंपन्यांचे एन्कोडर फक्त त्यांच्याच ड्राइव्हशी बोलतात.