इशारा पातळी ३९

चि. बाळ,

टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या तुझ्या साहसी खेळाच्या नियमांची वही मिळाली. पहिली दहा पानं उभ्याउभ्या वाचली, अकराव्याला खुर्ची ओढली. पंधराव्या पानावर चहाचा डाग दिसेल, तो माझा.

आधी तक्रार. विंगसूट, बेस जंपिंग, पॅराग्लायडिंग, मोठ्या लाटांवरचं सर्फिंग, डाउनहिल सायकल आणि कडा चढणं, असे सहा खेळ तू एका टेबलावर वाढलेस. पाच काढ. पॅराग्लायडिंगवाला वाऱ्यासाठी टेकडीवर तासन्‌तास बसून राहतो. बेस जंपर इमारतीवरून, टॉवरवरून, पुलावरून किंवा कड्यावरून उडी टाकतो आणि पॅराशूट उघडायला त्याच्या हातात मोजके सेकंद असतात. या दोन भीती एका नियमात बसवशील तर दोन्ही खोट्या होतील. तू कडा ठेव. लाट तू मोबाइलवर पाहिलीस. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाताना जुलैच्या चिखलात मात्र तू स्वतः घसरलीस.

आता गणित. तू प्रत्येक पकडीला वीस बाजूंचा फासा टाकायला लावतेस आणि एक पडला की माणूस खाली. वीसात एकदाच, म्हणून तुला ते सौम्य वाटलं असणार. पण एका कड्याला तू बारा पकडी दिल्यास. बाराही वेळा वाचण्याची शक्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे साधारण ५४ टक्के. तुझ्या खेळातला अव्वल गिर्यारोहक जवळपास दर दुसऱ्या चढाईला पडतो! असा माणूस अव्वल कसा झाला, हे टेबलावरचं कुणीतरी विचारणारच. फासे जितके जास्त वेळा टाकशील तितका अपघात पक्का होत जातो. या खेळांचा पूर्वज १९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो लुटुपुटूच्या लढायांच्या खेळांतून आला, म्हणून त्यात वारावर वार आणि फाशावर फासा चालतो. कडा तुझ्यावर वार करत नाही.

मग फासे टाकायचे कधी? तू कोल्हापूरची, उत्तर तुझ्या घरातच आहे. जुलै उजाडला की गल्लीत एकच प्रश्न असतो, नदीचं पाणी आज किती फूट? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. ३८ ला कुणी कपाट हलवत नाही. ४३ नंतर हलवायचं म्हटलं तर रस्ता राहिलेला नसतो. माणसाची खरी परीक्षा या मधल्या चार फुटांत होते. २०१९ च्या महापुरात ‘२००५ मध्ये इथवर आलं नव्हतं’ म्हणून थांबलेली माणसं आठव. ती मूर्ख नव्हती, त्यांच्या हातात मागच्या पुराची पट्टी होती.

ही पट्टी उचल आणि टेबलाच्या मधोमध ठेव. हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जीवाचे मोजलेले गुण, काढून टाक. चढाई ३५ ला सुरू कर. उशीर झाला, दगड निसटला, ढग उतरले, आग्या मोहोळ घोंघावलं, की एक-दोन फूट पाणी चढव. ३९ च्या खाली फासे नकोत. पात्र शिकलेलं आहे, ते चढतं, खेळणाऱ्यानं नुसतं सांगायचं. ३९ ते ४३ मध्ये प्रत्येक निर्णयाला सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज दहा किंवा वर आली तर निभावलं. सात ते नऊ, निभावलं पण पाणी चढलं. सहा किंवा खाली, पाणी तर चढलंच, वर सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, काहीतरी काढून घेणार: दोर, उजेड, वेळ. ३६ शक्यतांत दहा किंवा वरच्या सहा, मधल्या पंधरा, खालच्या पंधरा. म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी मोजावं लागतं, आणि ते बरोबर आहे. शिवाय हे फासे लुडोच्या डब्यात मिळतात. वीस बाजूंचे मागवायला लागले की निम्मे लोक तिथंच गळतात.

तुझ्या वहीत एक गोष्ट कुठंच नाही, आणि खरं तर तिच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसलो. माघार नाही. माथ्यावर पोचलं की शंभर गुण, नाही पोचलं की शून्य. असा नियम असेल तर ४१ ला कोण परत फिरेल? मी तरी नाही फिरणार.

अमेरिकन क्लाइंबर अ‍ॅलेक्स होनॉल्ड ३ जून २०१७ ला कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन कड्याची जवळपास तीन हजार फुटांची भिंत दोराशिवाय चढला, चार तासांच्या आत. हे तुला माहीत असणारच, तुझ्या पिढीला सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी २०१६ च्या शरदात तो त्याच भिंतीवर थोडा चढून परत फिरला होता, हे किती जणांच्या लक्षात आहे? दोर लावून त्यानं त्या वाटेची कितीतरी वेळा तालीम केली होती. तरी त्या दिवशी बरं वाटेना, म्हणून उतरला.

हे नियमात आण. ३९ आणि ४३ च्या मध्ये परत फिरलेल्या पात्राला त्या कड्यावर पुढच्या वेळी बेरजेत एक मिळू दे. दुसऱ्यांदा फिरलं तर दोन. एकानं काय होतं बघ: सहा किंवा खाली येण्याच्या शक्यता ३६ तल्या पंधरांवरून दहावर येतात, दोननं सहावर. माघार हीच तालीम झाली. आणि ४३ नंतर उतरणंही चढण्याइतकंच महाग कर, म्हणजे परत फिरायचं तर वेळेवर.

मृत्यू तू फाशावर टांगलास, तो काढ. ४३ च्या वर सहा किंवा कमी पडले तर काय गमवायचं ते खेळणाऱ्यानं निवडावं, जीवही त्यात असू दे, पण निवड त्याची. नाहीतर पोरगं पहिल्या वीस मिनिटांत मरतं आणि उरलेले दोन तास भडंग खात बसतं. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना विचारूनही घे. टेबलावर कुणाच्या तरी घरात असा अपघात घडलेला असतो, आपल्याला ठाऊक नसतो.

एक कड्यावर असताना बाकीचे तिघं काय करतात, याचंही उत्तर तुझ्याकडे नाही. कड्यावर एकटं कुणी नसतं. खाली बिले देणारा असतो, म्हणजे वरच्याचा दोर हातात धरून त्याला सांभाळणारा. एक जण ढगांवर आणि मोहोळावर नजर ठेवतो. एक गाडीपाशी थांबतो, आणि घरी काय सांगायचं हे त्यालाच ठरवावं लागतं! बिलेवाल्याला पाण्याचा एक फूट स्वतःवर घेता येऊ दे, बदल्यात त्याच्या हाताला दोर भाजेल.

आणि गाठ. मी पंचविशीत असताना गप्पांच्या नादात आठाची गाठ अर्धीच मारून कड्याला हात घातला होता. जोडीदारानं मागून हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा पट्टा, धरून ओढलं, शिवी दिली, मग काही बोलला नाही. लिन हिल ही तेव्हा जगातल्या अव्वल क्लाइंबरांपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथं ती हार्नेसमधून दोर ओवून गाठ पुरी करायला विसरली आणि सत्तर फुटांहून खाली आली. झाडानं झेललं म्हणून वाचली. वीसातला एक पडून माणसं अशी पडत नाहीत, बाळ. म्हणून नियम कर: चढाईआधी प्रत्येकानं शेजारच्याला ‘गाठ बघ’ म्हणायचं आणि शेजारच्यानं त्या पात्राबद्दल एक प्रश्न विचारायचा. रात्री झोपलास का? घरी सांगून आलास का? खोटं उत्तर द्यायची मुभा आहे, पण सूत्रधार गुपचूप एक फूट वाढवणार. कुणी ‘गाठ बघ’ म्हणायला विसरलं, तर तेही त्यानं लक्षात ठेवावं.

सूत्रधारानं फासे सगळ्यांसमोर टाकावेत. पडद्याआड टाकून निकाल बदलला की नूरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती झाली, आणि १९१२ पासून खासबागेच्या कुस्ती मैदानात बसलेल्या गावाला नूरा लगेच कळते.

भाषेचं थोडं. ‘खेळाडू’ म्हणजे टेबलावरचा की कड्यावरचा, तुझ्या नियमांत कळत नाही. टेबलावरच्याला ‘खेळणारा’ म्हण, कड्यावरच्याला ‘पात्र’. ‘स्टॅमिना’ काढ, तालमीत शंभर वर्षं ‘दम’ म्हणतात. आणि उदाहरणांत तू आपल्याकडच्या पोरींसारखं ‘मी चढलो, मी थांबलो’ लिहिलंयस. पुण्याचा वाचक अडखळेल. अडखळू दे, ते तसंच ठेव.

पुढच्या महिन्यात वही बंद करून एकदा क्लाइंबिंग वॉलवर जा. चढू नको, तासभर बिले दे. मान कशी अवघडते ते बघ आणि तेवढं एक पान नव्यानं लिही.

मग रविवारी चौघांना घेऊन माझ्याकडे ये. नियम दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे. तू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि ते चुकीचं खेळले तरी तोंड उघडायचं नाही. ते जिथं चुकतील तिथं पेन्सिलीनं खूण कर. फासे माझ्याकडे आहेत, भडंग तू आण, कांदा वेगळा.

तुझा,
काका