म्हाताऱ्या मांजरीचं तोंड दुखतंय? आधी एवढं करा

मांजर वाटीपाशी येते, वास घेते आणि मागे फिरते, तेव्हा तिची भूक मेली असं समजू नका. अनेकदा तोंड दुखत असतं. लाळ, दुर्गंधी, तोंडातून दाणे पडणं, अंग चाटणं बंद होणं ही लक्षणंही बघा. ओठ हलकेच वर करा. दाढेच्या कडेला हिरडीवर लाल रेघ दिसली की डॉक्टर गाठा.

सुरुवातीला होणाऱ्या चुका:
- माणसांची वेदनाशामकं देणं. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते!
- दुखऱ्या हिरडीवर ब्रश चालवणं. आधी उपचार, मग ब्रश, तोही मांजरांच्याच पेस्टने.
- भूल न देता कीटण खरवडून घेणं. दात वरून चकचकीत होतात, आजार हिरडीखाली तसाच राहतो. झिजलेली मुळं एक्स-रेतच कळतात.

भुलीला घाबरून उपचार टाळू नका. आधी रक्ततपासणीत किडनी, थायरॉइड बघून घ्या, रक्तदाबही. दाढा काढाव्या लागल्या तरी कोमट, ओलं खाणं ती मजेत खाते, खरंच.

24 तास पोटात काहीच गेलं नाही तर मात्र लगेच दवाखान्यात न्या; उपाशी मांजरीच्या लिव्हरवर चरबी साचू लागते.