मॅडम, तेवढी रूम बदलून द्यायला सांगा

पहिली घटक चाचणी झाली की हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. सांगलीत होस्टेलला ठेवलेल्या मुलींच्या आया फोन करतात, रूममेट जळते, वस्तू लपवते, हिच्याशी कुणाला बोलू देत नाही.

नववीतल्या दोघींचं सांगते, नावं बदललीत. मीराचे आईवडील विट्याकडचे, गलाईच्या धंद्यासाठी कोइमतूरला. आपल्या खानापूर-आटपाडीची किती माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत, त्यांची मुलं मराठीत शिकावीत म्हणून इकडे राहतात. सानिका तासगावची, तिचे आईवडील दर रविवारी हजर. तर मीराने सानिकाची सायन्सची जर्नल तपासायला द्यायच्या आदल्या रात्री बादलीत बुडवली. रेक्टरबाईंचं मत झालं, मुलगी मनानेच वाईट आहे.

"का केलंस?" असं मी कधीच विचारत नाही, त्यावर पोरी एकतर गप्प बसतात नाहीतर खोटं बोलतात. मी विचारलं, आठवड्यात सगळ्यात जास्त त्रास कधी होतो? दोन भेटी नुसत्या खांदे उडवण्यात गेल्या. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "रविवारी. चार वाजता."

"तेव्हा काय असतं?"

"सानिकाची आई तिला तेल लावून वेणी घालते. मला भडंग देतात, मी नको म्हणते."

त्यानंतर ती जी रडली ना, मी काही बोललेच नाही, नुसती बसून राहिले. इतक्या वर्षांच्या कामात मला हे पक्कं कळलंय की मत्सर चुकीच्या वस्तूवर निघतो, राग वेणीचा असतो आणि भिजते जर्नल.

मग सानिकाला विचारलं, वेणी घालताना आई काय बोलते गं?

"मीराला किती पडले विचारते. बघ, आईबाप जवळ नसून ती पहिली येते, म्हणते. मला रविवार नकोच वाटतो."

हे दोघींनी एकमेकींना सांगितलं, माझ्यासमोर. मीरा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मला वाटायचं तू लाडकी आहेस."

लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःला आपल्यासारख्याच माणसाशी ताडून बघतो. रूममेट म्हणजे तेच वय, तोच वर्ग, शेजारची कॉट, तुलना होणारच, ती थांबत नाही. पण आपण घरून तिला खतपाणी घालतो त्याचं काय? म्हणून पालकांनो, फोनवर दुसऱ्या मुलीचे मार्क विचारू नका, चांगल्या हेतूनेसुद्धा नको. भांडण झालं की आधी रूम बदलायला धावू नका, नव्या रूममध्येही कुणाची तरी आई येणारच असते. मुलीला नेमकी वेळ विचारा, कधी दुखतं ते. मात्र मारहाण, धमकी किंवा खाणंझोप सुटलं असेल तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी रेक्टरना भेटा.

मीराने जर्नल स्वतः पुन्हा लिहून दिली, आकृत्या सानिकाने काढल्या. रूम तीच राहिली. मीराच्या फोनची वेळ तेवढी मी रेक्टरबाईंना सांगून बदलून घेतली, आता कोइमतूरचा फोन रविवारी बरोब्बर चारला येतो.