वाचक विचारतात : एकाच जागेवरून वर्षभर फोटो

प्रश्न : मी स्वीडनमध्ये किरुनाजवळ राहतो. घरासमोरच्या उतारावर बर्चचं रान आहे. पालवी कधी फुटते, पानं कधी पिवळी पडतात हे टिपायला ट्रेल कॅमेरा (बाहेर बांधून ठेवायचा, आपोआप फोटो काढणारा) लावलाय, पण फोटो एक दिवस निळसर, एक दिवस पिवळसर येतात. काय चुकतंय?

उत्तर : ऑटो व्हाइट बॅलन्स. बर्फ, ढग, ऊन बदललं की कॅमेरा रंग आपल्या मनाने ‘सुधारतो’, आणि नेमका तो बदलच आपल्याला मोजायचा असतो. मेन्यूत व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवून पुन्हा हात लावू नका. बऱ्याच ट्रेल कॅमेऱ्यांत ही सोयच नसते. तुमच्यातही नसेल, तर त्याच्यावर फक्त बर्फ पडल्या-वितळल्याच्या तारखा टिपा; हिरवेपणासाठी दुसरा कॅमेरा घ्यावाच लागेल.

घड्याळ वर्षभर प्रमाणवेळेवरच राहू द्या, उन्हाळी वेळ लावू नका. किरुनात सूर्य सर्वांत उंच असतो तो या वेळेनुसार ११.४०च्या आसपास. दहा ते दोन, दर अर्ध्या तासाला एक, असे नऊ फोटो पुरतात. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला असावं, म्हणजे ऊन थेट भिंगात शिरत नाही. मात्र जून-जुलैत मध्यरात्रीचा सूर्य नेमका उत्तरेलाच असतो. रात्रीचे फोटो निघालेच तर ते हिशेबात धरू नका.

आता मोजणी. फोटोत फक्त बर्चचा भाग येईल अशी चौकट आखा आणि ती कायम ठेवा. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला (पिक्सेलला) लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक आकडा असतो; चौकटीतल्या या तिन्हींची वेगवेगळी सरासरी काढा आणि हिरव्याला तिघांच्या बेरजेने भागा. ११०, १२०, ९० आले तर १२० भागिले ३२०, म्हणजे ०.३७५. हाच हिरवेपणाचा आकडा. बर्फात तिन्ही जवळपास सारखे, म्हणून ०.३३च्या आसपास. ढग आले की तिन्ही आकडे साधारण एकाच प्रमाणात उतरतात, त्यामुळे भागाकार फारसा हलत नाही. तीन दिवसांचे २७ आकडे उतरत्या क्रमाने लावून वरून तिसरा घ्या; तोच त्या तीन दिवसांचा आकडा. धुक्याचे, काळोखे फोटो आपोआप गळतात. जुलैत आकडा अचानक घसरला तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी झाडं बघून या. पतंगाच्या अळ्या इथे कधीकधी बर्चचं अख्खं रान फस्त करतात.

प्रश्न : शेजारच्या पाइनमध्ये मार्च-एप्रिलमध्येच आकडा चढतो. इतक्या लवकर वाढ?

उत्तर : वाढ नव्हे, सुयांवरचा बर्फ गळून पडला. सदाहरित झाडांत ही फसगत ठरलेली. फांद्यांवर बर्फ असलेले दिवस फोटो बघून वेगळे काढा.

प्रश्न : मातीत रोवलेला खांब वसंतात कलतो, सेलही लवकर संपतात.

उत्तर : बारीक मातीत खालचं पाणी वर ओढलं जाऊन बर्फाचे थर जमतात, ते खांबाला उचलतात, आणि वितळताना तो पूर्ववत बसत नाही. भोक पाडून उघड्या कातळात बोल्ट बसवा, नाहीतर घराची भिंत गाठा. चौकटीच्या कोपऱ्यात एखादा न हलणारा खडक येऊ द्या. सेल बदलले की नवा फोटो जुन्यावर ठेवून तो खडक जुळतो का, बघा. नाही जुळला तर मोजणीची चौकट तेवढीच सरकवा.

अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात. एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेल घ्या. ते उणे ४० अंशांपर्यंत चालतात. सेल बाहेरच बदला. गार कॅमेरा उबदार घरात नेऊन उघडला तर आत ओल शिरते आणि बाहेर नेताच काचेच्या आतून दंव धरतं. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. काचेवर दंव दिसलं तर मऊ ब्रशने झाडा, फुंकर मारू नका. श्वासातली वाफ तिथेच गोठते.